इंजिनात पडलेलं जेट

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे एकच घाई असते, मृग लागायच्या आत सगळं उरकायचं. धूळवाफेची पेरणी, घराची कौलं, जळण आत घेणं. माझ्या यादीत गाडीही होती. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. मी कामाला बेळगावात, उद्यमबागेत लेथवर. पाळी सुटल्यावर रात्री त्या रस्त्याला धो धो पावसात गाडी बंद पडली तर दोन्ही अंगांना रान आणि आपण. म्हणून पावसाळ्याच्या आधी तिच्याकडे बघायचंच, हा माझा नेम.

गाडी हिरो होंडा स्प्लेंडर, ९७.२ सीसी, नंबर केए २२ चा. टाकीवर अजून दोन्ही नावं आहेत, म्हणजे दोन्ही कंपन्या वेगळ्या व्हायच्या आधीची. वडिलांनी घेतली होती. ते गेल्यापासून तिला मी शक्यतो दुसऱ्याचा हात लागू देत नाही.

दोन आठवडे ती स्लोला, म्हणजे मूठ न पिळता, बरी चालू राहायची, पण वेग घेताना मधेच गुदमरायची. गावात दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घालावं लागतं कधीकधी, त्यातला गाळ कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, अडकला असणार हे उघड होतं. २०२० नंतरच्या बीएस सिक्स, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटरच नाही, पण आमची जुनी. सुट्टीच्या सकाळी गाडी अंगणात मेन स्टँडला लावली, कॉक बंद केला, कार्ब्युरेटर उतरवला. त्याच्या पुढचा, इंजिनात जाणारा इनलेट पाइपही काढला, कारण खालचं रबरी ओरिंग कडक होऊन तिथून हवा घेते की काय असा संशय होता.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण सगळं पुढचं तिच्यावरच आहे. स्प्लेंडरचा सिलिंडर उभा नसतो, पुढच्या चाकाकडे जवळजवळ आडवा झोपलेला असतो. इनलेटचं तोंड त्यामुळे हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणाच्या, वरच्या अंगाला येतं. पाइप काढला की ते आभाळाकडे आ करून उघडं राहतं. त्यात पहिल्यांदा फडकं कोंबायचं असतं. मला हे ठाऊक होतं. फडकं हाताशीच होतं, आणि त्याच्यावर मी बोल्ट मांडून ठेवले होते.

कार्ब्युरेटरची खालची वाटी, बाउल, खोलून मेन जेट काढलं. पितळेचं, तुरीच्या दाण्यापेक्षा जरा लांब, अंगावर बारीक आटे, डोक्यावर स्क्रूड्रायव्हरची खाच आणि कोरलेला नंबर. पेट्रोलमध्ये बुडवून फुंकलं आणि भोकातून उजेड दिसतो का म्हणून आभाळाकडे धरलं. सुईच्या अग्राएवढा गोल उजेड दिसलाही. त्याच क्षणी ओल्या बोटांतून ते सुटलं. फूटरेस्टवर नाही, जमिनीवर नाही. टिक् आणि लगेच आतून दुसरा, जरा बसका टिक्.

पोटात खड्डा पडला.

चुलतभाऊ कट्ट्यावर बिडी ओढत बसला होता. "काय करूलालास रे? मार की दोन किका, उडून येईल बाहेर." मी आधी त्याला बिडी विझवायला लावली, पेट्रोल उघडं होतं. मग किकच्या दांड्यावर पोतं बांधलं, म्हणजे कुणा पोराने गंमत म्हणून पाय मारू नये. गाडी न्यूट्रलला आहे हेही बघून घेतलं, नाहीतर चाक फिरलं की इंजिन फिरणार.

कारण साधं आहे. चालत्या इंजिनाचे मिनिटाला ४००० फेरे धरले तर इनलेटचा व्हॉल्व्ह, म्हणजे त्या तोंडाच्या आतलं उघडझाप करणारं झाकण, मिनिटाला २००० वेळा उघडतो, सेकंदाला तेहतीस वेळा. किकला एवढे फेरे होत नाहीत, पण व्हॉल्व्ह एकदा उघडला तरी पुरे. जेट सिलिंडरच्या दिशेने ओढलं जाणार, कारण पिस्टन खाली जाताना ओढच तशी असते. व्हॉल्व्हच्या कडेला अडकलं तर व्हॉल्व्ह वाकेल. आत गेलं तर पिस्टन आणि हेडच्या मध्ये चेचलं जाईल. पितळ मऊ, पण पिस्टन ॲल्युमिनियमचा, तोही काही पोलाद नव्हे.

खानापूरच्या मेस्त्रींना फोन लावला. ते वडिलांच्या वेळेपासून आमच्या गाडीचे जाणते. त्यांनी आधी विचारलं, "फिरवलास काय इंजिन?" नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज निवळला. "मग घाबरू नको. व्हॉल्व्ह बंद आहे का ते बघ. न फिरवता बघ. टॅपेटची वरची टोपी काढ आणि रॉकर बोटाने हलव."

हे मला सुचलं नसतं. रॉकर म्हणजे व्हॉल्व्हचं टोक दाबून तो उघडणारी छोटी तरफ. व्हॉल्व्ह बंद असेल तर रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकात तेवढी बारीक फट राहते, रॉकर किंचित खेळतो. व्हॉल्व्ह दाबलेला असेल तर तो ताठ असतो. इंजिन थांबताना बहुधा कॉम्प्रेशनच्या, म्हणजे आत कोंडलेल्या हवेच्या, दाबापाशी येऊन अडतं, त्यामुळे व्हॉल्व्ह बंदच असण्याची शक्यता जास्त. पण शक्यतेवर इंजिन सोडायचं नाही. वरची टोपी काढली, बोट घातलं. गरम तेलाचा तो ओळखीचा वास आला. रॉकर हलवला. कट कट. खेळत होता.

म्हणजे जेट व्हॉल्व्हच्या पाठीवर होतं, सिलिंडरच्या बाहेर. बॅटरी मारून बघितलं तर काळ्या काजळीत पिवळा ठिपका दिसला, व्हॉल्व्हच्या दांड्याच्या पलीकडे, कडेला टेकून आडवं पडलेलं.

शेजारचे काका लांब होणारं चुंबक घेऊन धावत आले. त्यांना नको म्हणताना वाईट वाटलं. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक लागत नाही. आमच्या लेथखाली रोज दोन्ही कीस पडतो. लोखंडाचा चुंबकाने उचलतो, पितळेचा ब्रशने झाडावा लागतो. कुणीतरी पंक्चरवाल्याकडच्या हवेचा फवारा मारायचं सुचवलं, तेही नाकारलं. हवा ते कुठे नेईल याचा नेम नाही.

चिमटा दांड्याच्या पलीकडे वळेना. मग क्लचच्या जुन्या केबलमधली तार घेतली, टोकाला वाकवली, ग्रीस लावून आत सोडली. जेट चिकटलं, बोटभर वर आलं, भिंतीला लागलं आणि पडलं. दुसऱ्यांदा तसंच. जेटवर पेट्रोल होतं, ते ग्रीस पातळ करत होतं. तिसऱ्यांदा पडल्यावर ते दांड्याच्या आणखी मागे सरकलं आणि माझे हात थरथरायला लागले. मी इनलेटच्या तोंडावर फडकं झाकलं आणि बाजूला झालो. पेट्रोल उडून जायला वेळ द्यायचा होता, मलाही.

सोप्यात काकू फणस चिरत होत्या. विळीला खोबरेल लावलेलं, शेजारी काडीला गुंडाळलेला चिकाचा गोळा. लहानपणी तसल्या चिकाच्या काडीने आम्ही चतुर धरायचो. मी तिथेच उभा राहून त्या गोळ्याकडे बघत राहिलो. काकू म्हणाल्या, "हात धू आधी. पेट्रोलचा वास लागेल गऱ्यांना." हात धुतले आणि चीक मागितला.

लगेच आत घातला नाही. कामावर पहिला तुकडा तपासल्याशिवाय आम्ही पुढचे काढत नाही. कार्ब्युरेटरमधलं दुसरं, स्लो जेट काढून ताटलीत ठेवलं. तारेच्या टोकाला आधी दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारली, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा चीक लावला. टेकवलं, दहा आकडे मोजले, उचललं. आलं. ताटलीच्या काठावर आपटून बघितलं, सुटलं नाही. पेट्रोलने ओलं करून बघितलं तर मात्र सुटलं. म्हणजे आतलं जेट पूर्ण कोरडं हवं. आणखी वीस मिनिटं थांबलो.

मग चुलतभावाने बॅटरी धरली आणि मी तार सोडली. या वेळी तिला दांड्याला वळसा घालेल असा बाक दिला होता. टोक जेटच्या डोक्यावर टेकलं तेव्हा तारेतून हाताला कळलं, दगडावर काठी टेकल्यासारखं. दहा ऐवजी तीस मोजले. वर घेताना भिंतीपासून लांब ठेवायला मनगट वळवावं लागत होतं. शेवटच्या बोटभर अंतरात कुणी बोललं नाही. पिवळं टोक तोंडाशी आलं तसं मी डाव्या हाताने खाली फडकं धरलं आणि जेट त्यात अलगद ठेवलं.

आटे शाबूत, नंबर वाचता येत होता. चिकाचा गोळा तारेवर सगळाच्या सगळा होता, आत तुकडा राहिला नव्हता, तरी बॅटरीने दोनदा बघितलं. इनलेटच्या तोंडात फडकं गच्च कोंबलं आणि मगच कार्ब्युरेटर जोडायला बसलो.

सगळं बसवल्यावरही सरळ किक मारली नाही. प्लग काढला, टॉप गिअर टाकला आणि मागचं चाक हाताने सावकाश पुढे फिरवलं. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशन आड येत नाही, कुठे काही अडकत असेल तर थेट हाताला कळतं. दोन-तीन मिनिटं फिरवत राहिलो. कुठेच अडलं नाही. प्लग लावला, पोतं सोडलं.

दुसऱ्या किकला गाडी लागली. मूठ पिळली तशी ती न गुदमरता चढत गेली. मेस्त्रींना फोन करून आवाजच ऐकवला. ते म्हणाले, "आता स्लो जरा कमी कर." केला. काकूंनी गरे वाटीत काढून ठेवले होते, ते गाडीच्या शेजारी उभं राहूनच खाल्ले.