कोरं कापड, पातळ रंग

१२ जुलै

अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेन्थेलरचं ‘माउंटन्स अँड सी’ हे चित्र आज बराच वेळ समोर होतं, अर्थात छापील. १९५२ सालचं, साधारण ७ फूट बाय १० फूट. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून न्यूयॉर्कला परतल्यावर २३ वर्षांच्या या बाईने कॅनव्हास जमिनीवर अंथरला, प्राइमर, म्हणजे रंग कापडात शिरू न देणारा पहिला थर, न लावताच. कोळशाच्या मोजक्या रेघा, आणि वर टर्पेंटाइनने पातळ केलेला तैलरंग. डोंगर शोधायला जाल तर हाती लागत नाही. गुलाबी, निळा, हिरवा कापडात मुरलेत, मधली बरीच जागा कोरी, आणि हवा मात्र किनाऱ्याचीच.

तंत्र उचलायचं तर तैलरंग नको. कोऱ्या कापडात तेल रंगाच्या पुढे पसरतं, डागाभोवती पिवळट कडं उमटतं आणि काही वर्षांनी सूत ठिसूळ होतं. पुढे तीही ॲक्रिलिककडे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या रंगाकडे वळली.

आपल्याकडे सरावाला जाड विणीचा मांजरपाट उत्तम, पण त्याची खळ काढायलाच हवी. रात्रभर भिजवून गरम पाण्यात साबणाने धुवायचा, दोनदा खळबळायचा. वाळल्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा: झटकन जिरला तर तयार, मोत्यासारखा वर बसला तर पुन्हा धुणं. धुण्यात कापड आटतं, म्हणून कापायचं नंतर, फ्रेमपेक्षा चारी बाजूंनी ४ इंच जास्त.

ॲक्रिलिकच्या एका भागाला आठ-दहा भाग पाणी. आधी चमचाभर पाण्यात रंग घोटायचा, मग बाकीचं. एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि त्या कापडावर ठिपक्यांसारख्या दिसतात. ओला डाग गडद वाटतो, वाळल्यावर चांगलाच फिका होतो. त्यामुळे आधी चिंधीवर चाचणी.

खरी फसगत दोन रंगांच्या सीमेवर. निळा आणि केशरी ओले असताना भिडले की मळकट तपकिरी, आणि मुरलेला रंग खरवडता येत नाही. दोन बोटं जागा सोडा, किंवा पहिला पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात त्याला दिवस जातो. जाऊ दे. पण घाईने दमट कापड गुंडाळून ठेवलं तर बुरशीचे काळे ठिपके नेमके कोऱ्या जागेवर उठून दिसतात. ते निघत नाहीत, आणि रंगाने झाकले तर ती जागाच जाते.