जमिनीचे मागचे फेरफार

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इथे कॅनडात मंडळाच्या कोजागिरीला, कुणाच्या डोहाळजेवणाला, परवा तर देवळात चपला घालता घालता हाच प्रश्न आला. "ब्रँटफर्डच्या त्या मूलनिवासींच्या जेवणाला दरवर्षी तिकीट काढून जातेस. आपण कालपरवा इथे आलेलो. आपण कुणाची मुलं नेली नाहीत की जमीन बळकावली नाही. मग आपला काय संबंध?"

माझे बाबा डहाणूकडे तलाठी होते. जमीन घ्यायला निघालेलं कुणी सल्ल्याला आलं की ते आधी सांगायचे, नुसता सात-बारा बघू नका, मागचे फेरफार काढा. जमीन कुणाकडून कुणाकडे कशी गेली, ते त्यात कळतं. ब्रॅम्प्टनमध्ये घर घेताना आम्ही कर्जाचं व्याज पाहिलं, शाळा पाहिली, तळघरात ओल आहे का तेही पाहिलं. फेरफार मात्र पाहिले नाहीत. ते मला फार उशिरा समजले. १८१८ साली ब्रिटिशांनी मिसिसॉगा या मूलनिवासी लोकांशी करार केला, त्यात आमचं ब्रॅम्प्टन येतं. जमीन ६,४८,००० एकर, मोबदला वर्षाला ५२२ पौंड १० शिलिंगांचा माल. क्रेडिट नदीकाठचे ते लोक पुढे १८४७ मध्ये हेगर्सव्हिलजवळ गेले, आणि तिथली जमीन त्यांना दिली ती सिक्स नेशन्सच्या, म्हणजे मोहॉक आणि इतर पाच मूलनिवासी जमातींच्या संघाच्या, लोकांनी. आपली कितीतरी मंडळी मिसिसॉगा शहरात राहतात. पत्ता लिहिताना आपण रोज त्या लोकांचं नाव लिहितो.

मी पहिल्यांदा गेले ते ब्रँटफर्डच्या मोहॉक इन्स्टिट्यूटच्या डागडुजीसाठी निधी जमवायला ठेवलेल्या जेवणाला. ही निवासी शाळा होती. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडायचं आणि त्यांची भाषा विसरायला लावायची, यासाठी सरकार आणि चर्च मिळून अशा शाळा कॅनडाभर चालवत होते. सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. ब्रँटफर्डची शाळा १९७० मध्ये बंद झाली. पुढे इमारतीचं छप्पर गळायला लागलं तेव्हा ती पाडायची की ठेवायची, असा प्रश्न सिक्स नेशन्सच्या लोकांपुढे आला. ज्यांचं बालपण तिथे गेलं त्यांनी पाडा म्हटलं असतं तर कोण काय बोलणार होतं? पण बहुतेकांनी ठेवा म्हटलं. मोहिमेचं नावच 'पुरावा वाचवा'. मागच्या भिंतीच्या विटांवर मुलांनी कोरलेली नावं आहेत. बोट फिरवलं की अक्षर हाताला लागतं.

मुलं त्या शाळेला 'मश होल' म्हणत. मश म्हणजे ओटची लापशी. तीच पुन्हा पुन्हा ताटात यायची. म्हणून या कामासाठी माणसांना जेवायला बोलावणं मला फार मोठं वाटतं. तिथे मक्याचं सूप असतं. पांढरा मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळतात, सालं सुटली की अनेक पाण्यांनी धुतात, मग घेवडा घालून शिजवत ठेवतात. पण आधी मोहॉक भाषेतले 'सगळ्याआधीचे शब्द' म्हटले जातात. माणसांचे आभार, जमिनीचे, पाण्याचे, माशांचे, झाडांचे, थेट ताऱ्यांपर्यंत. प्रत्येक टप्प्याशेवटी "आता आपली मनं एक झाली" असं म्हणतात. बराच वेळ जातो. सूप निवतं, तरी कुणी चमचा उचलत नाही.

जेवताना माझ्या शेजारी बसलेल्या आजी त्याच शाळेतल्या. समोर सफरचंदाची बाग होती, म्हणाल्या. आम्ही वेचायचो. खायची नसायची. एवढं सांगून त्यांनी माझ्या ताटात पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

काही जण विचारतात, आपल्याकडच्या आदिवासींसाठी काय केलंस? अगदी बरोबर विचारतात. डहाणूला आमच्या ओट्यावर वारली माणसं एका कागदासाठी दिवस दिवस बसलेली असायची. आम्ही त्यांना पाणी दिलं. घरात पाट कधी मांडला नाही. हे मला त्या आजींच्या शेजारी बसल्यावर आठवलं आणि घास घशाखाली उतरेना.

आता संबंधाचं. या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या. त्यांतल्या शेवटच्या दोन, ९३ आणि ९४, नव्याने येणाऱ्यांबद्दल आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्याबद्दल. नागरिकत्वाच्या परीक्षेत आणि माहितीपत्रकात करार आणि निवासी शाळा नीट शिकवा, ही एक. नागरिकत्वाची शपथ बदला, ही दुसरी. मी २०१२ मध्ये परीक्षा दिली तेव्हा पुस्तिकेत या शाळांवर एक परिच्छेद होता आणि त्यात त्या १९८० च्या दशकापर्यंत चालल्याचं लिहिलं होतं. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९० च्या दशकात. मी पाठ केलं, गुण मिळवले, शपथ घेतली. त्या शपथेत मूलनिवासींचा उल्लेखही नव्हता.

जून २०२१ मध्ये कायदा होऊन शपथ बदलली. पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी ती आमच्याच जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपसमोर उभं राहून घेतली. फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी या मूलनिवासी लोकांचे मूळ हक्क आणि करारातले हक्क, या ओळीशी त्या अडखळल्या. सगळं झाल्यावर पेढ्याचा डबा उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, कुठला करार?"

मी १८१८ पासून सुरुवात केली.