पंधरवड्याचा राग

इंग्रज माणूस देश सोडेल, पण तिकडच्या कौन्सिलवर चिडायचं सोडणार नाही.

फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात निवृत्त इंग्रजांची चांगलीच वस्ती आहे. लेकीच्या शेजारचे आजोबा त्यांतलेच. टोमॅटो लावतात, बाजारात मोडकंतोडकं फ्रेंच बोलतात, वाइन अगदी तब्येतीत पितात. वाचन मात्र सगळं तिकडचं. टपालाची पिवळी गाडी फाटकाशी थांबली की हे चपला फरफटवत निघालेच. त्यात ‘प्रायव्हेट आय’ असेल, तर केलेला चहा गार होणार हे नक्की.

हे उपहासाचं पाक्षिक १९६१ पासून निघतंय आणि त्यातला फारच थोडा मजकूर इंटरनेटवर येतो. त्यामुळे जगाची खबर फोनवर लागली, तरी ‘रॉटन बरोज’साठी पोस्टमनची वाट बघावी लागते. विलायतेतल्या स्थानिक कौन्सिलांच्या भानगडी चव्हाट्यावर आणणारं हे सदर. कुठे जमिनीचा व्यवहार, कुठे कुणाच्या मेव्हण्याला ठेका. वाचता वाचता आजोबांचे कान लाल होत जातात. पेन्सिलीनं समासात उद्गारचिन्हं पडतात. ज्या कौन्सिलला हे आता दमडीचा कर भरत नाहीत, तिच्यापायी रक्तदाब वाढवून घ्यायचा!

बरं, मत तरी होतं का? पंधरा वर्षं बाहेर राहिलं की संसदेच्या निवडणुकीतलं मत जायचं. ती अट २०२४ मध्ये उठली. त्याआधी २०२० मध्ये ब्रेक्झिटमुळे फ्रान्समधल्या नगरपालिकेचंही गेलं. म्हणजे मधली काही वर्षं आजोबा ना इकडचे ना तिकडचे. उद्गारचिन्हं तेवढी काढत होते.

‘गार्डियन वीकली’वर त्यांचा वेगळाच राग. १९१९ चं हे साप्ताहिक पूर्वी विमानटपालाच्या पातळ कागदावर यायचं. २०१८ मध्ये त्याचं मॅगझिन झालं. तेव्हापासून, आजोबांच्या मते, ते शेगडी पेटवायच्याही कामाचं उरलं नाही.

ही खोड जुनीच म्हणा. विलायतेच्या टपालाची बोट मुंबईला लागली की इथल्या साहेबांच्या क्लबांत कित्येक आठवडे शिळा ‘पंच’ हा तिकडचा विनोदी अंक पोचायचा, आणि तोही हातोहात फिरायचा.

हसायला आपलं काय जातं! आमची लेक बोर्दोला जाणाऱ्या गाडीत बसून रोज पुण्याच्या खड्ड्यांच्या बातम्या वाचते आणि महापालिकेला शिव्या घालते. त्या फ्रेंच गावच्या मेयरबद्दल मात्र लेकीचं आणि आजोबांचं एकमत: भला माणूस आहे. यापलीकडे त्याच्याविषयी दोघांनाही काही ठाऊक नाही. परवा कुंपणाशी उभं राहून ती आजोबांना एकाच रस्त्याच्या तीनदा झालेल्या डांबरीकरणाची कथा सांगत होती. आजोबांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, “ठेकेदार कुणाचा कोण?”