माणूस बदलताना दिसला की

आज मन फार भरून आलंय म्हणून लिहून ठेवते. इंदूरला सेवेसाठी आलो तेव्हा वाटायचं ख्रिस्ती मिशनचं काम म्हणजे सभा, घरभेटी, महिन्याचा रिपोर्ट. पण रिपोर्टमधल्या आकड्यांनी मला कधी बळ दिलं नाही, खरंच. बळ येतं ते माणूस बदलताना दिसला की.

नंदानगरच्या भाऊंचंच घ्या ना. वडील हुकुमचंद मिलमध्ये साचेखात्यात होते, 1991 ला मिल बंद पडली आणि घराची घडीच विस्कटली. भाऊ मोठे झाले, लोडिंग रिक्षा चालवायला लागले आणि कमाई सगळी दारूत. वहिनी लोकांकडे पोळ्या करून घर चालवायच्या, आमच्या प्रार्थनेला यायच्या आणि भाऊ बाहेर उभे राहून शिव्या द्यायचे.

भाऊंनी दारू सोडायची ठरवली तेव्हा काहींना वाटलं उपास-प्रार्थनेनेच सुटेल, पण आम्ही दोघं नवरा-बायको अडून बसलो की आधी डॉक्टर, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवसुद्धा जाऊ शकतो. म्हणून बाणगंगेच्या मेंटल हॉस्पिटलला नेलं आणि प्रार्थना बाहेर बाकावर बसून केली. देव गोळ्यांतूनही काम करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मध्ये घसरलेही ते, परत उभे राहिले.

मग डिसेंबर 2023 ला मिल कामगारांच्या थकलेल्या 224 कोटींचा निकाल लागला, 32 वर्षांनी. वारस म्हणून भाऊंच्याही खात्यात हिस्सा आला. वहिनींची झोप उडाली, हातात एवढा पैसा म्हटल्यावर काय होईल. भाऊंनी पासबुक आणून सरळ त्यांच्या हातात दिलं, म्हणाले, "बाप मरेपर्यंत याची वाट बघत होता, हे नाही प्यायचं." मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेत ते पैसे.

बाप्तिस्मा झालेला नाही त्यांचा. रविवारी येतात, मागे बसतात, घरी गणपतीही बसतो. लोक विचारतात, मग तुम्हाला काय मिळालं? मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात, त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा आणि लक्ष्मीबाईंचा 1900 चा, मधल्या वर्षांत सोवळं-ओवळं एकेक करून गळत गेलं. भाऊंचं पुढे काय ते देव आणि ते बघतील, मला घाई नाही.

संध्याकाळी बायबलमधलं, पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र वाचत होते. त्या लोकांची काळजी सहन होईना म्हणून पौल स्वतः अथेनैत एकटा राहिला आणि आपला सोबती तीमथ्य याला त्यांच्याकडे पाठवलं, आणि ते टिकलेत ही बातमी घेऊन तीमथ्य आला तेव्हा पौल लिहितो की तुम्ही प्रभूमध्ये टिकून आहात तर आम्ही जगतोय. आधी किती वेळा वाचलं असेल, पण आता तिथे आले की घसा दाटतो, कारण हे अगदी असंच होतं.

दुपारी भाऊंचा फोन आला होता. त्यांच्या स्टँडवरचा एक जण सोडायची म्हणतोय. "ताई, मी त्याला सांगितलंय आधी डॉक्टर. सोमवारी बाणगंगेला नेतो, तुम्ही दोघं याल ना?" आमच्या यांनी लगेच हो म्हटलं. डबा मी करून नेणार आहे. त्याची बायको माहेरी निघून गेलीय म्हणे, वहिनींना सांगून तिचाही नंबर मिळवायला हवा.