पोरीची स्केट फ्रेम हेक्सानं कापली तेव्हा

मागच्या महिन्यात पोरीच्या इनलाइन स्केटची फ्रेम, म्हणजे बुटाखाली एका रांगेत चाकं धरून ठेवणारी पट्टी, मोडली. नशीब प्रॅक्टिस संपल्यावर हळूहळू गेटकडं येताना मोडली, वळणावर फुल स्पीडमध्ये असती तर काय झालं असतं ते आमच्या हिच्यासमोर बोलायची पण सोय नाही. घेताना दुकानदार म्हणाला होता, सेव्हन थाउजंड सिरीजचं, म्हणजे जास्त ताकदीच्या जातीचं अल्युमिनियम आहे, डोळे झाकून घ्या. घेतली की मी पण डोळे झाकून. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं कॉम्प्युटरवरचं मशीन चालवतो, रोज अल्युमिनियम कापतो, आणि चकाकी बघून पैसे देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तुकडे डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेले. मोडलेल्या जागी राखाडी भरड दाणा, गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा, आणि त्यात मोहरीएवढी दोन भोकं. आतल्या बाजूला इजेक्टर पिनचे, म्हणजे साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे, गोल ठसे. हेक्सानं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीनं, अजून एका ठिकाणी कापली तर तिथं पण बारीक बारीक छिद्रं. शेजारच्या मशीनवरचा दोस्त बघून म्हणाला, "लगा, हे तर डाय कास्टिंग. सेव्हन थाउजंड कुठलं आलंय!"

बरोबर होतं त्याचं. डाय कास्टिंगला वितळलेल्या धातूचा पातळ रस डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात जोरात मारतात, तो कोपऱ्याकोपऱ्यात पोचावा म्हणून त्या अल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं, आणि जोरात मारताना हवा आत अडकते तीच ही भोकं. साध्या डाय कास्टिंगला नीट हीट ट्रीटमेंट पण देता येत नाही, गरम केलं की आतली हवा फुगून वर फोड येतात. वस्तू स्वस्तात आणि हजारोंनी निघते, पण दणका बसला की वाकत नाही, डायरेक्ट मोडते.

चांगल्या फ्रेमा बहुतेक एक्स्ट्रुजनच्या. खिडकीचं सेक्शन काढतात ना, तसंच, तापवलेला बिलेट, म्हणजे अल्युमिनियमचा गोल ठोकळा, डायच्या भोकातून दाबून उलट्या यू आकाराची लांब पट्टी काढायची, मग तुकडे करून सीएनसीवर खिडक्या आणि एक्सलची भोकं मारायची. दाणा दाट, भोकंबिकं नाहीत. आणि चारी एक्सल एका सेटिंगमध्ये मारले की चाकं एका लाइनीत येतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण लाइन चुकली तर बेअरिंग कितीही भारी घाला, स्केट एका बाजूला ओढतच राहणार.

आता अल्युमिनियमची जात कुठली, 6061 का सेव्हन थाउजंड सिरीजमधलं 7075. लोक म्हणतात 7075 कडक. ताकद जास्त आहे हे खरं, टी6 म्हणजे हीट ट्रीटमेंट देऊन कडक केलेल्या मालात 6061 साधारण 275 एमपीए (दाबाचं माप) ताणाला कायमचं वाकायला लागतं आणि 7075 जवळपास 500 ला. पण फ्रेम पायाखाली किती लवचते ते ठरतं मॉड्युलसवर, म्हणजे धातूच्या अंगच्या ताठपणावर, तो एकाचा 69 जीपीए आणि दुसऱ्याचा 72, म्हणजे जवळजवळ सारखाच! ढकलताना फ्रेम हलू नये असं वाटत असेल तर आकार बघायचा, मधले आडवे ब्रिज किती आहेत, भिंत किती जाड आहे, कारण सपाट पट्टीची जाडी डबल केली की ताठपणा आठपट होतो. 7075 चा फायदा एवढाच की भिंत पातळ ठेवून वजन कमी केलं तरी ती वाकून बसत नाही.

मॅग्नेशियम वजनाला अल्युमिनियमपेक्षा एक तृतीयांश हलकं, पण ताठपणा पण तेवढाच कमी, म्हणून जाड करावं लागतं. थरथर चांगली खातं म्हणतात. आमच्याकडं ते कापायला कुणी तयार होणार नाही, त्याच्या चिप्स पेटल्या तर पाणी टाकायचं नसतं, कोरडी वाळूच लागते. कार्बन फायबर आपल्या खिशाच्या बाहेरचं, आणि कडेच्या दगडाला घासलं की थर सुटायची भीती.

नायलॉनला मात्र लोक उगाच नावं ठेवतात. ग्लास फायबर घातलेली मोल्डेड फ्रेम शिकाऊ पोरांना बेस्ट, आमच्या गल्लीतल्या खडबडीत डांबरावर पायाला झिणझिण्या येत नाहीत. फक्त एप्रिलच्या उन्हात ती जास्त लवचते, आणि एक्सलची भोकं हळूहळू लंबगोल होतात तेवढी अधूनमधून बघायची.

तर शेवटी मालकांना विचारून 6061 च्या ठोकळ्यातून मीच एक फ्रेम काढली. दीड किलोचा ठोकळा, फ्रेम भरली दोनशे ग्रॅमच्या आत, बाकी सगळ्या चिप्स. दोन रविवार गेले. कडा फाइलनं मारून, गुळगुळीत करून घरी आणली, तर पोरीनं उलटीसुलटी करून बघितली, चाकं फिरवली आणि म्हणाली, "पप्पा, भारी आहे. दुसऱ्या पायाची कधी?"

मशीनवर सध्या पंप हाउसिंगची ऑर्डर लागलीय.