तिबोटी मिळाली, पण ओढ्यासकट

‘कर्नाळ्याच्या ओढ्यात पुन्हा रेकॉर्डर नेणार नाही,’ असं मागच्या नोंदीत ठणकावून लिहिलं होतं. बुधवारी रजा टाकून गेलोच. सव्वादोन तासांच्या फाइलमध्ये तिबोटी खंड्या (ओढ्याकाठचा चिमुकला पक्षी) दोनदा बोलली आहे. दोन्ही मिळून चार सेकंद. पहिली ‘चीं’ ओढ्याने गिळली. दुसरी मात्र स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रावर, नखाने ओरखडा काढावा तशी उठून दिसते. तीन पावसाळ्यांतली ही पहिली.

हायवेचा प्रश्न मे महिन्यातच सुटला होता. जेमतेम १२.११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, त्यातूनच मुंबई-गोवा रस्ता जातो. मोरटाक्याच्या वाटेवरही ट्रकची घरघर पाठ सोडत नाही. पण ती सगळी खालच्या पट्टीत. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ किलोहर्ट्झखालचं कापलं की हायवे गायब. त्याबरोबर पाचू कवड्याचं हुंकारणंही जातं, त्याला इलाज नाही. तिबोटीची हाक पार वरच्या पट्टीत असल्यामुळे तिला धक्का लागत नाही.

खरी डोकेदुखी पाऊस आणि ओढा. ही बया पावसाळ्यातच इथे घर करते, मातीच्या दरडीत बीळ खणून. म्हणजे तिला ऐकायचं तर पावसातच बसायला हवं. छत्री लावली की थेंबांची टपटप, आणि ती टपटप वरपर्यंत, थेट तिच्याच पट्टीत पसरते. फिल्टर लावायला जागाच उरत नाही. माइकवरचं केसाळ विंडस्क्रीन भिजलं की मांजर पाण्यात पडल्यासारखं चेपतं आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. ऑनलाइन मागवलेलं महागडं कव्हर दोन पावसांत असं झालं. जुन्या टेडीच्या कापडाचं घरी शिवलेलं अजून टिकून आहे. पुन्हा विकत घेणार नाही.

टपटपीवर उपाय सापडला तो आमच्या दारात. पाऊस काथ्याच्या पायपुसण्यावर पडत होता आणि आवाजच येत नव्हता! थेंब तंतूंत फुटतो, आपटत नाही. पायपुसणं कापून छत्रीवर बांधलं. छत्री जड झाली, गेटवरच्या काकांनी ‘काय हो, हे काय घेऊन चाललात?’ म्हणून थांबवलं, पण टपटप चार आणे उरली. एवढ्यावरच मी तासभर खूश होतो.

मग ओढा. पाण्याचा खळखळाट सगळ्या पट्ट्यांत सारखा, तो कापता येत नाही, फक्त टाळता येतो. तिबोटी ओढ्याच्या अगदी वरून, सरळ रेषेत, उडता उडता ओरडते. त्यामुळे ओढ्यापासून लांब जाऊनही भागत नाही. या वेळी मोठ्या खडकाच्या आडोशाला बसलो: छोटा धबधबा खडकामागे, समोर ओढ्याचा संथ सरळ तुकडा. बारीक, म्हणजे वरच्या पट्टीतला, आवाज अडथळ्याला वळसा घालून फारसा येत नाही, म्हणून धबधब्याची सळसळ खडकाने बरीच अडवली. दुसरी ‘चीं’ तिथलीच. बिळाजवळ गेलो नाही, कॉल वाजवून बोलावलंही नाही. मोबाइलवर कॉल वाजवत फिरणारे फोटोवाले तिथेही भेटले. विणीच्या दिवसांत हा प्रकार मला बघवत नाही.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन अ‍ॅपने चार सेकंदांना साफ नकार दिला. पण त्याच फाइलमध्ये त्याने शिक्रा दाखवला आणि मी हरखलो. नंतर हेडफोन लावून ऐकलं तर शिक्रानंतर लगेच सर्पगरुडाची शीळ, मग भलतीच टिवटिव, सगळं एकाच फांदीवरून. नकलाकार पक्षी भृंगराज! दीड मिनिटाची नक्कल, ओढ्याचा त्रासही कमी. तिबोटीपेक्षा हाच तुकडा झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या साइटवर आधी चढवणार आहे.

पुढचा बेत फणसाड अभयारण्याचा होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, बारीक आवाज गोळा करायला आवाज माइकवर एकवटणारी पॅराबोलाची तबकडी मोठी लागतच नाही, दीड-दोन फुटांचीही पुरते. मग कढई का नको? ती गोलाचा तुकडा, नेमका पॅराबोला नव्हे, पण उथळ असली तर वक्रतेच्या त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर आवाज बऱ्यापैकी एकवटतो. माइक तिथे, आतल्या बाजूला तोंड करून. पावसात कढईच घंटेसारखी वाजेल म्हणा. तर पाठीला उरलेलं पायपुसणं चिकटवायचं. हो, जमेल.

म्हणजे फणसाड लांबलं. रविवार नको, स्पीकरवाली मंडळी येतात. पुढच्या गुरुवारी पनवेलहून पहिली एसटी. कढई आईची आहे, तिला अजून विचारलेलं नाही.