ट्रॉलीच्या पिनेपासून रोलर कोस्टरपर्यंत – आमची वाटचाल

२००६ ला कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक जुनं लेथ घेऊन सुरुवात केली, काम काय तर ऊसाच्या ट्रॉलीच्या पिना. सीझनला जेवायला फुरसत नसायची आणि पावसाळ्यात उधारी मागत फिरायचं.

मग एक पार्कवाले सॅम्पल घेऊन आले. त्यांच्या छोट्या रोलर कोस्टरच्या दोन डब्यांमधली पिन सारखी झिजत होती, म्हणाले अशीच द्या पण कडक करून. आम्हाला वाटलं पिनच तर आहे, ईएन-२४ हे मजबूत मिश्र पोलाद घेतलं, फुल्ल हार्ड करून दिलं. दोन महिन्यांनी तपासणीत त्यांनी डाय मारली, म्हणजे बारीक भेगा दाखवणारा लाल रंग, तर पिनेच्या खांद्याशी बारीक लाल रेघ, म्हणजे क्रॅक! त्या रात्री झोप नाही लागली.

दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन गाडीखाली आडवा झालो तेव्हा कळलं. ट्रॉली वळते, थोडी वरखाली होते, बाकीचं ढिलाईत भागून जातं. इथं चढ-उतार आहे, वळण आहे आणि वर पीळ पण, म्हणजे पुढचा डबा बँकिंगमध्ये, रूळ एका बाजूला कलतो तिथं, तिरका झालेला आणि मागचा अजून सरळच. त्यात मागच्या डब्यांना एकेकच ॲक्सल, पुढचं तोंड समोरच्या डब्यावर टेकलेलं, दोन ॲक्सल फक्त पहिल्याला, म्हणजे कपलिंगवर, डबे जोडणाऱ्या त्या सांध्यावर, वजनही आलं. लिफ्टची चेन ओढते तेव्हा ताण, ब्रेक लागला की दाब, प्रत्येक फेरीत हेच उलटसुलट. सरळ पीन बिचारी काय करणार, आणि नुसती कडक केली तर तडकणारच.

मग बॉल जॉइंट केला, सगळ्या बाजूंना फिरणारा. हार्डनिंगनंतर टेम्परिंग, म्हणजे परत बेताचं तापवून ठिसूळपणा कमी करायचा, आणि खांद्याच्या काटकोनात गोलाई दिली, खरी चूक आमची तिथंच होती. शेजारून जाड स्टीलची दोरी असतेच, जॉइंट तुटला तरी डबे सुटू नयेत म्हणून. लोक विचारतात डबा रुळावरून उडणार नाही ना, तर ते काम कपलिंगचं नाहीच, रुळाखालून धरणाऱ्या चाकांचं आहे, रोलर कोस्टर बनवणाऱ्या अमेरिकेच्या जॉन मिलरने १९१९ ला त्याचं पेटंट घेतलं होतं.

आता नऊ माणसं आहेत. प्रत्येक जॉइंटवर नंबर पंच होतो, क्रॅक टेस्ट झाल्याशिवाय एक पीस बाहेर जात नाही. ट्रॉलीच्या पिना मात्र सोडल्या नाहीत, ऑक्टोबर लागला की पार्कवाल्यांना सांगतो, पंधरा दिवस थांबा, आधी ऊस.